खडकामागची सावली

एका उजाड माळावर एक सशीण आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. थोरलं पिल्लू गुणी, सांगितलेलं ऐकणारं. धाकटं मात्र भारी चुळबुळं. त्याला एक सांगावं तर ते दुसरंच करी आणि रोज आईचा ओरडा खाई. वैशाखात माळावरचं गवत वाळून गेलं, तेव्हा ओल्या पाल्यासाठी सशिणीला लांब ओढ्याकाठी जाणं भाग पडलं. सकाळी तिने दोघांना मोठ्या खडकामागे गार सावलीत बसवलं आणि बजावलं, "मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. कुणी बोलावलं तरी नाही." थोरल्याने लगेच मान डोलावली. धाकट्याचं सगळं लक्ष एका मुंगळ्याकडे होतं.

आता मुलांनो, सशीण मायाळू होती, पण घाईत एक गोष्ट विसरली. खडक जागचा हलत नाही, सावली मात्र हलते. सूर्य वर चढला तशी ती आखडत आखडत खडकाच्या पोटाशी आली आणि दुपार कलल्यावर पलीकडच्या अंगाला उतरली. पाय भाजू लागताच धाकटं "मी चाललो बुवा" म्हणून सावलीच्या मागोमाग खडकाला वळसा घालून गेलं आणि तिकडे तंगड्या ताणून झोपलं. "आई रागावेल हं," असं म्हणून थोरलं तिथेच बसलं. त्याचे कान तापले, जीभ कोरडी पडली, तरी ते हललं नाही.

जवळच उघड्या जमिनीवर एका टिटवीची अंडी होती. ती दिवसभर डबक्यात पोट भिजवून यायची आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा द्यायची. तिच्या कलकलाटाला सगळा माळ वैतागलेला होता आणि सशीण तर तिला तोंडाळच म्हणे. टिटवीने पिल्लाला पाहिलं आणि ती म्हणाली, "अरे, पलीकडे सावलीत जा की."

"आईनं हलू नको म्हटलंय," पिल्लू पुटपुटलं.

"तिनं म्हटलं तेव्हा इथे सावली होती, बाळा."

पण पिल्लू ऐकेना, आणि थोड्याच वेळात त्याने मान टाकली. टिटवी अंड्यांवरून ताडकन उठली. नवऱ्याला अंड्यांवर बसवून ती चिंब भिजून आली आणि पंख पसरून पिल्लावर उभी राहिली. पिसं सुकली की पुन्हा डबकं, पुन्हा पिल्लू, आणि जाता-येता ओढ्याकडे तोंड करून असा आरडाओरडा की विचारू नका.

तो ऐकून सशीण धापा टाकत परतली. खडकाच्या अलीकडेच तिला धाकटं झोपलेलं दिसलं. "शेवटी हललासच ना? आणि दादा कुठाय?"

धाकटं डोळे चोळत म्हणालं, "तू बसवलं होतंस तिथंच."

सशीण धावतच पलीकडे गेली. दोघींनी मिळून थोरल्याला सावलीत ओढलं. सशीण त्याचे कान चाटत राहिली आणि टिटवीने ओल्या पिसांतले थेंब त्याच्या ओठांवर गाळले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि ते आधी म्हणालं काय, तर "आई, मी हललो नाही."

सशिणीला रडूच आलं. "चुकलं माझं, राजा. जागा नव्हती धरायची, सावली धरायची होती. हे मी सांगायलाच हवं होतं."

"मग मला का ओरडलीस?" धाकट्याने विचारलं, तेव्हा तिला रडता रडता हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकडे निघताना सशीण घटकाभर थांबली. सावली कशी सरकते ते तिने दोघांना काडी रोवून दाखवलं आणि म्हणाली, "ती जाईल तसे तुम्ही जा. अंग तापलं, गरगरलं, तर टिटवीमावशीला हाक मारा." टिटवी त्या दिवशीही सकाळपासून ओरडत होती. सशिणीला तो आवाज कानाला गोड लागला आणि ती निवांत मनाने ओढ्याकडे गेली.

तात्पर्य : मुलांना नुसतं 'असं कर' म्हणून भागत नाही, ते कशासाठी हेही सांगावं, म्हणजे आपण जवळ नसतानाही ती स्वतःला जपतात.