नाव येईपर्यंत टाळ

"पण बुवा, देवाच्या गाण्याला मालक असतो का?"

विश्वजितनं हे विचारलं ते उत्तर हवं होतं म्हणून नव्हे. "नसतो" एवढं ऐकून परत जायला तो कोल्हापूरहून दोन तास गाडी चालवत मठात आला होता.

मी चुलीवर चहा ठेवत होतो आणि सिद्धाप्पा बुवा खलबत्त्यात फुटाणे कुटत होते. पुढचे दात गेल्यापासून फुटाणे असेच खायचे. सोडायचे मात्र नाहीत.

"कुठलं गानं?" बुवांनी विचारलं.

"फुटाण्याचं."

बुवांचा हात थांबला... मग पुन्हा कुटू लागला.

ते गाणं सगुणाबाईचं. ओढ्यापलीकडच्या वाडीत तिची फुटाण्याची भट्टी आहे. चाळीस वर्षं मंगळवारच्या बाजारात बसते. अक्षरओळख नाही, पण भट्टीसमोर बसून अभंग रचते आणि दर शनिवारी देवळातल्या भजनात म्हणते.

विश्वजित पाच वर्षं इथं बुवांकडे शिकला. गळा असा, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवावं. तीन वर्षांपूर्वी शहरात गेला आणि मोबाईलवर गाऊ लागला. आता तो विश्वजित महाराज आहे. वय अठ्ठावीस.

"तिच्या नातवाचा मेसेज आलाय," तो म्हणाला. "वाचतो. 'आमच्या आज्जीचं गाणं तुम्ही स्वतःचं म्हणून चालवलंय. गेल्या महिन्यात भजनात तिनं ते म्हटलं, तर बायका म्हणाल्या, म्हातारे, विश्वजित महाराजांचं गाणं चोरतीस व्हय? त्या दिवसापासून आज्जी गायची बंद झाली. भट्टी लावते, पण गप्प असते.'"

त्यानं मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

"आता सांगा. हे मी रचलं असं मी कुठं लिहिलंय?"

"आनि तिनं रचलं असं कुठं लिवलंस?"



"बुवा, तीन लाख लोकांनी ऐकलं ते गाणं. वाडीतल्या देवळात कितीजण ऐकत होते? वीस?"

"बावीस. पावसात चवदा."

"मग मी वाईट केलं का?"

"न्हाई. तुझा गळा गोड हाय लेका. गानं लांब गेलं ते तुझ्याच गळ्यानं गेलं." बुवांनी चिमूटभर कूट तोंडात टाकलं. "तिला मागं ठिवून गेलं, एवढंच."

विश्वजितला हे आवडलं नाही. तो सरसावून बसला. त्याची ही बैठक माझ्या ओळखीची. वाद घालायचा असला की तो पूर्वीही असाच बसायचा, आणि बहुधा जिंकायचा.

"तुम्हीच शिकवलंत. माझं माझं सोडा. देहसुद्धा आपला नाही. मग चार ओळींवर हक्क कसला सांगायचा? हा अहंकार नाही?"

मी मनात म्हटलं, आता बुवा काय बोलणार?

"मी 'माझं' सोड म्हनलो," बुवा म्हणाले. "तू 'तिचं' सोडलंस. लई सोपं पडलं असंल."

...

"दाव बघू ते गानं."

विश्वजितनं मोबाईल पुढं केला. बुवांनी चष्मा चढवला. पडद्यावर विश्वजित, गळ्यात भगवं उपरणं, मागं समई.

"ह्या कोपऱ्यात काय लिवलंय?"

"माझं नाव. म्हणजे... चॅनलचं. कुणी उचलून स्वतःचं म्हणून टाकू नये, म्हणून घालावं लागतं."

"आसं व्हय."

बुवांनी चष्मा काढून ठेवला. विश्वजितचे कान लाल झाले.

खोटं कशाला बोलू, मान माझीही खाली गेली. तो व्हिडिओ मी चार पाहुण्यांना पाठवला होता. 'आमच्या मठातला पोरगा' असं वर लिहूनसुद्धा. त्यात शेवटचं कडवं नाही हे मला कळलं होतं. म्हटलं, चालायचंच. सगुणाबाई माझ्यासमोर दर मंगळवारी फुटाण्याची पुडी बांधते, तरी तिची आठवण झाली नाही. लाज वाटते सांगायला.

"तिनंच शिकवलंय मला," विश्वजित म्हणाला. आवाज उतरला होता. "मी तापानं पडलो होतो इथं, तेव्हा. रोज ओढा ओलांडून यायची. उशाशी बसून म्हणायची. जबरदस्तीनं घेतलेलं नाही."

"गायला दिलं व्हतं तिनं."

"मग गायलोच की!"

"गायलास?"

"हो."

"म्हादू, टाळ आन," बुवा मला म्हणाले.

मी दोन जोड आणले. एक बुवांनी घेतला, एक मी.

"म्हन. मोबाईलात हाय तसंच. कमी न्हाई, जास्त न्हाई."

आता आमच्या मठाची एक रीत सांगायला हवी. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ते नाव गायलं गेल्याशिवाय टाळ थांबत नाही. नाव आलं की टाळ जमिनीला टेकवायचा, मान लववायची, मग खाली ठेवायचा. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही. पण मोडलेली मी पाहिलेली नाही. विश्वजितनंही पाच वर्षं पाळली होती.

त्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं.

तापल्या वाळूत । उडाले फुटाणे ।
तसे माझे जिणे । तुझ्या हाती ॥

भाजून निघाले । टरफल गेले ।
आतले उरले । तुझे देवा ॥

काय गायला! माझ्या अंगावर काटा आला. राग होता तो कुठल्या कुठं गेला.

दुसरं कडवं संपलं. त्यानं डोळे उघडले, हात जोडले.

आमचे टाळ वाजतच होते.

तो थोडा थांबला. हसला. "झालं, बुवा."

टाळ वाजत होते.

"झालं म्हटलं."

"कसं झालं?" बुवा म्हणाले. "नाव कुठं आलंय?"

"व्हिडिओ एवढाच आहे. एका मिनिटात तिसरं कडवं बसत नाही. आणि लोक शेवटाला थांबत नाहीत, बोटानं पुढं सरकवतात."

"सरकवू देत. आमी बसलोय की."

टाळ... टाळ...

विश्वजित माझ्याकडं बघू लागला. मी काय करणार? बुवा थांबल्याशिवाय मला थांबता येईना.

चुलीवर ठेवलेला चहा उतू गेला. जळका वास आला. कुणी उठलं नाही.

माझी मनगटं भरून आली. बुवांचं वय एक्क्याऐंशी. डावा हात कापू लागला, तसा त्यांचा टाळ माझ्यापेक्षा मागं पडायला लागला. बेसूर नाही, पण थकलेला आवाज.

"बुवा, पुरे. हात दुखेल तुमचा."

"दुखतोय की."

"मग थांबवा!"

"ते काय माझ्या हातात हाय?"

...

विश्वजितनं ओठ उघडले. मिटले. पुन्हा उघडले. हजारो लोकांपुढं न डगमगणारा माणूस, दोन म्हाताऱ्यांपुढं त्याला सूर लागेना. तिसरं कडवं तो विसरला नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बहुतेक त्याला तापातली ती खोली आठवत होती. आणि उशाशी बसलेली, भट्टीच्या धुराचा वास येणारी बाई.

शेवटी त्यानं म्हटलं. गळ्यात काही कमावलेलं उरलं नव्हतं. साधं, पोरासारखं म्हटलं.

सगुणा म्हणे रे । मूठभर घ्यावे ।
खाताना हसावे । लेकरांनी ॥

टाळ थांबले.

बुवांनी टाळ जमिनीला टेकवला. मान लववली. मीही.

विश्वजितकडे टाळ नव्हता. त्यानं रिकामा हातच जमिनीला टेकवला आणि तो तिथंच राहिला.

ओढ्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं, ते ऐकू येत होतं.

"त्या ओळीतलं लेकरू मी होतो," तो खालमानेनं म्हणाला. "ताप उतरला त्या दिवशी तिनं तेवढं कडवं जोडलं होतं. मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, हस की आता. आणि बुवा, मी तेवढंच कापलं."

त्याला रडू आलं. बुवांनी त्याला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला, तोच कापणारा.

थोड्या वेळानं विश्वजितनं नाक पुसलं, मोबाईल उचलला.

"काढून टाकू का व्हिडिओ? की तिचं नाव घालून, पुरं गाऊन, पुन्हा टाकू? तुम्ही सांगाल ते करतो."

"मला का इचारतोस? भट्टी माझी हाय व्हय?"

...

"म्हणजे तिच्याकडं जायला हवं."

बुवा खलबत्त्यातलं कूट बोटानं गोळा करत होते.

"कुठल्या तोंडानं जाऊ? ती महिनाभर गायलेली नाही, माझ्यामुळं. बायकांनी तिला चोर म्हटलं. समोर बसून काय म्हणू मी तिला?"

बुवांनी आपला टाळांचा जोड उचलला. त्याची दोरी काळी पडलेली, त्यांच्या गुरूंपासून चालत आलेली. तो जोड त्यांनी कधी कुणाला वाजवू दिला नव्हता. तो त्यांनी विश्वजितच्या हातात दिला.

"तू काय बी म्हनू नगंस. नुसता टाळ धर."

विश्वजित उठला. उंबऱ्यापर्यंत गेला. टाळ घेताना खाली ठेवलेला मोबाईल तिथंच राहिला होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. तिथून त्यानं मागं वळून पाहिलं.

"आणि बुवा, ती गायलीच नाही तर?"

बुवांनी दोन फुटाणे खलबत्त्यात टाकले.

"तर वाजवत ऱ्हा."