कारभाऱ्याचा विडा

"रक्ताचा थेंब न सांडता राज्य वाचवलं. बुवा, हा पराक्रम नव्हे का?"

घोडा दाराशी बांधून आलेले सखोजीराव धुमाळ विचारत होते. एके काळचे सेनापती. त्यांच्या नावाचे पोवाडे गावोगाव गायले जात. म्हातारपणी तलवार ठेवून ते राज्याचे कारभारी झाले होते.

भोजाबुवा मठाच्या पडवीत पत्रावळी लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय देऊन वाचवलंस?"

"नदीपलीकडची दोन गावं. हिवरे आणि कळंबी. तह झाला, शत्रूची फौज माघारी गेली."

"गावांना कोणी सांगितलं?"

"हिवऱ्याला हरकारा धाडला."

"आणि कळंबीला?"

"...धाडू."

बुवांनी पानाला काडी टोचली.

"तुमच्यात रीत आहे ना? अवघड कामाचा विडा तबकात ठेवायचा. उचलेल त्यानं जायचं. गावात जाऊन हे सांगायचा विडा ठेवला होतास?"

"भर दरबारात ठेवला. कोणी हात लावला नाही."

"लढाईत कोणी हात लावला नाही, तर काय करायचास?"

सखोजीराव ताठ झाले. "तशी वेळच येत नव्हती. पहिला हात माझा असे. सारा मुलूख जाणतो."

"आणि या वेळी?"

"बुवा, आता मी कारभारी आहे. कारभाऱ्यानं विडा उचलायचा नसतो. ठेवायचा असतो."

बुवा उठले. आमटीचे भांडे त्यांनी सखोजीरावांच्या हाती दिले.

"आत पंगत बसली आहे. वाढ."

आत हिवऱ्याची माणसे होती. घरदार टाकून कालच नदी उतरून आलेली. भिंतीला गाठोडी लावलेली. या वाकलेल्या, पांढऱ्या अंगरख्यातल्या म्हाताऱ्याला कोणी ओळखले नाही.

"वाढा दादा, सढळ हातानं वाढा," एक म्हातारी म्हणाली. "आमच्या पानात आमटी, न् शत्रूच्या पानात आमचं गाव."

शेजारचे हसले. ती हसली नाही.

"कुणा मेल्या कारभाऱ्यानं देऊन टाकलं म्हणे. तोंड दाखवायलासुदिक आला न्हाई. आमचं सखोजीराव असतं, तर त्याची मान धरली असती."

सखोजीराव तिच्या पानासमोरच थांबले.

"माझा ल्योक त्यांच्या मागं गेला, तो आलाच न्हाई. पर म्होरं सखोजीराव हुतं. म्हणून मी कुणाला बोल लावला न्हाई." तिने वर पाहिले. "तुमी बघितलंय का हो त्यांना?"

"...बघितलंय."

"हायेत का अजून?"

सखोजीरावांनी भांडे खाली ठेवले. पळी भांड्यात तशीच राहिली.

ते बाहेर आले. पडवीत चढले नाहीत. खाली मातीतच बसले.

"बुवा, कारभार सोडतो. इथं राहतो, उष्टी काढतो. मला शिष्य करून घ्या."

नदीपलीकडे कळंबीच्या चुलींचा धूर वर चढत होता. बुवांनी तिकडे बोट दाखवले.

"नदीला उतार आहे," बुवा म्हणाले. "कळंबीचा विडा अजून तबकातच आहे. घोडा इथंच राहू दे, पायी जा."