साळिंदर, खेकडे आणि तळ्याची पाळ

सागाच्या एका जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी, एक साळिंदर राहत असे. तिथे त्याचे स्वतःचे लहानसे तळे होते. तरुणपणी त्याने आणि त्याच्या बायकोने, साळूने, मिळून ते खणले होते, आणि उतारावरचे पाणी अडावे म्हणून खालच्या बाजूला मातीची पाळ घातली होती. साळू दोन वर्षांपूर्वी वारली. साळिंदर एकटाच तळ्याकाठी राहिला. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तळ्याचे काय मोठे! पण मुलांनो, जवळचा ओढा पौषातच आटत असे. त्यानंतर पाणी राही ते फक्त नदीच्या डोहात, आणि डोहावर बिबट्या दबा धरून बसे. तळे आटले तर म्हाताऱ्या साळिंदराला रोज त्या डोहावर जावे लागणार होते.

त्या वर्षी मार्गशीर्षातच तळ्याचे पाणी झपाट्याने उतरू लागले. साळिंदराने पाळीच्या बाहेरच्या अंगाला जाऊन पाहिले, तर जागोजागी भोके, भोकांतून पाझरणारे पाणी आणि प्रत्येक भोकात एक खेकडा, डोळे वर काढून बसलेला! साळिंदराचे काटे ताठ उभे राहिले. "माझ्या तळ्याला भोकं पाडता? थांबा, एकेकाला बघतो!" तो ओरडला. गुराख्यांनी टाकून दिलेले एक मडके त्याने शोधून आणले, पाळीजवळच्या चिखलात गळ्यापर्यंत पुरले आणि आत वास मारणारा मासा टाकला. खेकडे वासावर येत, मडक्यात पडत आणि गुळगुळीत कडांवरून घसरून तळाशीच राहत. सकाळ झाली की साळिंदर मडके उकरून काढी, ढकलत ढकलत ओढ्यापर्यंत नेई आणि तिथे पालथे करी. जीव घ्यायचे त्याच्या मनात नव्हते.

तळ्याकाठी एक टिटवी राहत असे. ती साळूची मैत्रीण. मडके निघाले की ती हटकून विचारी, "भावोजी, आज किती पाहुणे?"

"पाहुणे कसले? चोर आहेत, चोर!"

"बरे चोर! आधी जेवायला घालायचं, मग घरापर्यंत पोचवायचं. आमचं नशीब एवढं थोर नाही हो."

साळिंदर मडके ढकलत राही. असे पंधरा दिवस चालले. खेकडे रोज पकडले जात आणि रोज तेवढेच पुन्हा दिसत. पाणी मात्र काठावरच्या जांभळाच्या मुळांखाली उतरले.

एका सकाळी मडक्यात एकच खेकडा सापडला. मोठा, जुना, एका नांगीचा. ओढ्याच्या वाटेवर मडक्यातून आवाज आला, "काका, जरा हळू. काल आपटलंत, तेव्हापासून पाठ ठणकतेय."

साळिंदर थबकला. "काल? म्हणजे कालही तूच होतास?"

"कालही होतो, परवाही होतो. मासा चांगला असतो तुमचा."

"निर्लज्जा! एवढं रान पडलंय. माझ्याच पाळीला का चिकटलात?"

"मऊ आहे म्हणून," खेकडा म्हणाला. "पूर्वी काय बिशाद होती आमची! तीन वर्षांपूर्वी हीच पाळ पोखरायला गेलो आणि ही दुसरी नांगी घालवून बसलो. दगड होता नुसता. पावसाळा सरला की काकू रोज संध्याकाळी पाळ तुडवायच्या ना, टाच दाबून दाबून. आता दोन वर्षं पाळीवर कुणाचा पाय नाही."

"ती फिरायला जायची," साळिंदर म्हणाला.

"तोंडात चिकणमाती धरून कुणी फिरायला जातं का, काका?"

साळिंदराने मडके तिथेच आडवे केले. खेकडा बाहेर आला आणि तिरपा तिरपा चालत गवतात दिसेनासा झाला. साळिंदर तळ्यावर परतला आणि टिटवीसमोर उभा राहिला.

"पाळ ती तुडवत होती. तुला ठाऊक होतं?"

"होतं," टिटवी म्हणाली. "मी म्हणायचे तिला, अगं, त्यांनाही बोलव की मदतीला. ती म्हणायची, झोपू दे त्यांना, दिवस मावळल्याशिवाय नाही जाग येत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

या वेळी टिटवीने थट्टा केली नाही. "ती गेल्यापासून तुम्ही पाळीकडे पाहतसुद्धा नव्हता, भावोजी. तिच्या पायांच्या खुणा होत्या तिथे. काय सांगायचं, आणि कसं?"

साळिंदर पाळीवर चढला. पहिलाच पाय घोट्यापर्यंत खचला. मग तो खाली तळ्यात उतरला, तळाची चिकणमाती तोंडात घेतली, वर आणून एका भोकात भरली आणि त्यावर उभे राहून पाय दाबले. माती बसली. त्या दिवशी चारच भोके बुजली, कारण सवय नव्हती आणि कंबर दुखत होती. दुसऱ्या दिवशी सहा बुजली. आठवड्याने तो पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागला आणि पाझर थांबला. खेकडे एकदोनदा येऊन नांग्या मारून गेले. माती हलेना. "गेली आपली सोय," असे म्हणत ते आपल्या पायांनी ओढ्याच्या दगडांत राहायला गेले. त्यांना कुणी उचलून नेण्याची गरज पडली नाही.

वैशाखात डोहाकडून रोज कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज येई. साळिंदराच्या तळ्यात गुडघाभर का होईना, पाणी होते. ते पोटभर पिऊन तो पाळीवर चढला. दक्षिणेकडची एक जागा पायाला अजून मऊ लागत होती.

तात्पर्य : पाळ तुडवायची सोडून जो खेकडे पकडत बसतो, त्याचे खेकडे संपत नाहीत, पाणी मात्र संपते.