आतच होतात ना, साहेब?

वादळ आलं की काळबाव गावाने जायचं कुठे, म्हणून किनाऱ्यावर पक्का निवारा बांधायला घेतला होता. ठेकेदार दामोदर सुर्वे म्हणजे बडं प्रस्थ! त्यांनी स्लॅबच्या सळ्या थेट साच्याच्या फळ्यांवरच अंथरल्या. खाली सिमेंटचे ठोकळे देऊन त्या उचलून घेण्यात वेळ कोण घालवणार?

"अहो, खालून खारी हवा लागून गंजतील ना त्या!" यमुनाकाकी तांडेल कडाडली.

"काकी, सळई काँक्रीटच्या आतच राहणार. कडेला असली काय नि मधोमध असली काय! तुम्ही आपले मासे विका."

गडी फिदीफिदी हसले. स्लॅब दुसऱ्या सकाळी ओतायचा होता आणि सुर्वे साहेबांचा मुक्काम होता काकीकडच्याच एका खोलीत. काकीने त्यांच्या खाटेवर तान्ह्या नातवाची इवलीशी मच्छरदाणी बांधली.

सकाळी साहेब कराकरा खाजवतच बाहेर आले. कोपर, गुडघे, नाकाचा शेंडा, सगळं टम्म सुजलेलं.

"ही काय मच्छरदाणी आहे? जिथे अंगाला टेकली तिथे डासांनी बाहेरूनच फोडून काढलं!"

"पण आतच होतात ना, साहेब?" काकी म्हणाली. "कडेला टेकलात म्हणून काय बिघडलं? आणि तुम्ही सुजलात तरी जाळी फाटली नाही. सळई गंजून फुगली की स्लॅबच फोडते, आणि त्याखाली आमची पोरंबाळं बसायची आहेत."

बोलवायला आलेले गडी आता साहेबांच्या नाकाकडे बघून हसत होते.

"दात काय काढताय?" साहेब खेकसले. "जा, सळ्या उचला आणि ठोकळे लावा!"