जनूने जाळीचे कपाट घरी आणले

शके अठराशे शहाण्णव, मार्गशीर्ष महिना. इंग्रजी हिशेबाने डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर. थंडी अशी, की खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेलाचा थेंब उतरत नसे. त्या हिवाळ्यात चिंचणोली गावात एक भोळा तरुण राहत होता. नाव जनार्दन, सारे त्याला जनू म्हणत. अंगाने धट्टाकट्टा, मनाने निर्मळ, आणि सांगितलेले काम कधीही न टाळणारा. त्याने एखादे काम टाळले असते, तर ही गोष्ट सांगण्याची वेळच आली नसती.

जनू आपल्या वेणूकाकूंकडे राहत असे, आणि काकूंवर त्या दिवसांत मोठे संकट कोसळले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सासूबाईंच्या वेळचे शिसवी जाळीचे कपाट विकून टाकले होते आणि स्वयंपाकघरात पत्र्याची गुलाबी कपाटे बसवून घेतली होती. काकूंच्या नणंदेला, इंदूरच्या गोदावन्संना, यातले काहीच ठाऊक नव्हते. "माझ्या आईच्या स्वयंपाकघरात काही बदललंस, तर त्या स्वयंपाकघरातलं पाणी पिणार नाही," असे त्या पूर्वीच बजावून गेल्या होत्या, आणि गोदावन्संचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. काकू मात्र दर वेळी कळवीत, "वन्सं, सगळं होतं तसंच आहे हो!"

आता वन्संचा निरोप आला : रथसप्तमीला येते.

"माहेरवाशीण उंबऱ्यातून तोंडात पाणी न घेता परत गेली, तर मी गावात तोंड कसं दाखवू?" काकू म्हणाल्या. "जनू, बाजारात जा. तसंच जुनं कपाट शोध. नवं करून जुनं म्हणून गळ्यात मारतात, ते नको."

"जुनं ओळखायचं कसं, काकू?"

"वासावरून. स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटाला तुपाचा, हिंगाचा आणि मेतकुटाचा वास येतो. नाकानं खात्री केल्यावाचून आणू नकोस."

जनू बाजारात गेला. त्याने दिसेल ते कपाट हुंगले. एकाला वार्निशाचा वास होता, एकाला उंदरांचा. तिन्ही वास काही एका ठिकाणी सापडेनात. एवढ्यात वाऱ्याबरोबर तूप, हिंग आणि मेतकूट अगदी एकत्र आले. जनू नाकासमोर चालत निघाला.

संध्याकाळी बैलगाडी दाराशी थांबली. तीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले.

"हे कोण?" काकूंनी विचारले.

"कपाट असं नाही म्हणता येणार," जनू म्हणाला, "पण तिन्ही वास आहेत. आणि वय सत्तरीच्या पुढं. विचारून घेतलं."

ते भिकंभट आचारी होते. "वहिनी," ते म्हणाले, "हा मुलगा भरबाजारात मला हुंगत होता. मी म्हटलं, घरी कार्य असेल. पानं किती?"

काकूंनी त्यांना जेवू घातले, दक्षिणा दिली आणि त्याच गाडीने परत पाठवले. मग त्या जनूकडे वळल्या.

"अरे वेड्या, नुसत्या वासावर काय जातोस? घेण्याआधी बोटानं ठोकून बघावं! भरीव वाजलं तर घ्यावं, पोकळ वाजलं तर मुकाट्यानं घरी यावं."

"बरं," जनू म्हणाला.

चार दिवसांनी बातमी लागली, की सासूबाईंचे मूळचे कपाट फिरत फिरत वडगावला, निवृत्त मामलेदार आबासाहेबांकडे गेले आहे. काकूंना कोण आनंद झाला! जनू तडक वडगावला गेला. आबासाहेब अंगणात ऊन खात बसले होते. डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"काय काम काढलंत?" त्यांनी विचारले.

"कपाट न्यायला आलोय. काकू म्हणाल्या, आबासाहेबांकडून घ्यायचं."

"माझ्याकडून घ्यायचं ना? मग बसा की."

जनू बसला नाही. आबासाहेबांकडून घ्यायचे, तर आधी आबासाहेबांना ठोकून पाहणे भाग होते. तो पुढे झाला, बोट वाकवले आणि त्यांच्या टाळूवर तीनदा ठोकले. कान लावून ऐकले. पुन्हा एकदा ठोकले. मग मान हलवून मुकाट्याने घरी निघाला.

"कपाट पाहिलंस?" काकूंनी उंबऱ्यातच विचारले.

"तिथवर वेळच आली नाही," जनू म्हणाला. "मालकच पोकळ निघाले."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "वयानं मोठ्यांपुढं हात चालवायचा नसतो, वाकायचं असतं! पायांवर डोकं ठेवावं, आणि आशीर्वाद मिळाल्यावाचून उठू नये. कळलं?"

"कळलं," जनू म्हणाला. त्याला खरेच कळले होते.

आबासाहेबांचे दार आता बंद झाले असे समजून काकूंनी त्याला पेठेत पाठवले. बाबालाल तांबोळ्याच्या जुन्या सामानाच्या दुकानात, अगदी मागच्या बाजूला, तसलेच एक जाळीचे कपाट उभे होते.

"किती जुनं म्हणायचं?" जनूने विचारले.

"माझ्या आज्याच्या आधीचं हाय, भाऊ," बाबालाल म्हणाला. "शंभरीला टेकलं आसंल."

शंभरी! जनूने चपला काढल्या. कपाटाच्या पुढच्या दोन पायांवर त्याने डोके टेकले आणि आशीर्वादाची वाट पाहू लागला. कपाट काही बोलेना. एवढ्या वयाला ऐकू कमी येत असेल, म्हणून तो जरा मोठ्याने म्हणाला, "नमस्कार करतो!"

तेवढ्यात एक खाणावळवाले आले. त्यांनी कपाट पाहिले, भाव ठरवला, हमाल बोलावले.

"ए, ऊठ की तिथनं!" हमाल म्हणाले.

पण उठायचे ते कपाटाने सांगितल्यावर. हमालांनी सांगून काय उपयोग? हमालांनी कपाट उचलले, जनूच्या डोक्यावरून नेले आणि गाडीवर चढवले. जनू रिकाम्या फरशीवर डोके टेकून तसाच राहिला. दुकान बंद करताना बाबालालने त्याला हाताला धरून उठवले.

"मग? मिळाला का आशीर्वाद?" काकूंनी दात ओठ खात विचारले.

"नाही," जनू खिन्नपणे म्हणाला. "शेवटपर्यंत एक शब्द नाही. गेलं, तेही न बोलता."

"अरे, दुसरा कोणी मधे तडमडला तर डोकं टेकून बसायचं नसतं! आपल्या कपाटाच्या वाटेत जे आडवं येईल ते दूर करायचं. दूर! समजतंय का तुला?"

"समजतंय. आडवं येईल ते दूर."

पौषात संक्रांत आली. काकूंनी हिय्या केला, तिळगुळाचा डबा घेतला आणि स्वतः वडगाव गाठले. संक्रांतीला तिळगूळ घेऊन दाराशी आलेल्या बाईला मागे लावून देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आबासाहेबांनी तिळगूळ घेतला, टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, सासूबाईंचं कपाट तुमचंच. खुशाल गाडी पाठवा. तेवढा तो मुलगा मात्र फाटकाबाहेर ठेवा."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सकाळी काकू वन्संना आणायला स्टेशनच्या गावी निघाल्या. रात्र तिथल्या ओळखीच्या घरी काढून सकाळी दोघी परतणार होत्या. जाताना त्यांनी जनूला समोर उभे केले.

"नीट ऐक. आधी ती गुलाबी कपाटं सोडवून शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेव, वन्संना दिसता कामा नयेत. सुट्या केलेल्या प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घाल, म्हणजे पुढं कुणाला परत जोडता येतील. मग सोपाना गाडीवान जाळीचं कपाट आणेल. ते त्याच्या मूळ जागी उभं कर, आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. कपाटाचा खिळासुद्धा हलता कामा नये!"

"आणि काही आडवं आलं तर?"

"किती वेळा सांगू? दूर कर!" म्हणून काकू गाडीत बसल्या.

जनूने गुलाबी कपाटे सोडवली. आकडे घातले. दुपारी सोपाना आणि त्याचा भाऊ कपाट घेऊन आले. परसाच्या बाजूने ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणले आणि तिथेच अडले.

"मालक, दार बुटकं पडतंय," सोपाना म्हणाला. "पर कपाटाचं वरचं कंगोरं नुसतं बसवल्यालं हाय. उचलून घेऊ?"

"खबरदार! कपाटाला हात लावायचा नाही," जनू म्हणाला. "आडवं काय येतंय?"

"चौकट येती."

"मग चौकट काढा."

चौकट काढली. जनूने तिच्यावर आकडा घातला.

"आता वरची भिंत येती, मालक."

"मग भिंत काढा."

भिंत मातीत रचलेल्या विटांची होती, भराभर निघाली. प्रत्येक विटेवर जनूने आकडा घातला.

"मालक, भित्ताडच न्हाई तर कौलं कशावर ऱ्हायची? कपाटावर पडतील."

"कपाटावर? छे छे! आधी कौलं काढा."

कौले उतरली. मग वासे अधांतरी राहिले, म्हणून वासे उतरवले. मग उरलेल्या भिंतींना काही कामच राहिले नाही. खडू संपले तेव्हा जनूने शाळेच्या मास्तरांकडून आणखी आणले. सोपाना दोनदा म्हणाला, "मालक, ह्ये काकूंनी सांगितलंय न्हवं?" आणि दोन्ही वेळा जनूने छातीवर हात ठेवून सांगितले, "शब्दन् शब्द."

दिवेलागणीला कपाट कुठेही न घासता, सरळ चालत गेल्यासारखे आपल्या मूळ जागी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. सकाळी टांग्यातून दोघी उतरल्या. काकूंचा चेहरा दोन वर्षांत प्रथमच निर्धास्त होता.

"या वन्सं, आधी स्वयंपाकघरच पाहा," असे म्हणत त्या माजघर ओलांडून पुढे झाल्या, आणि थेट उन्हात आल्या.

समोर सारवलेली जमीन होती. तिच्या मधोमध, चार वाट्यांत चार पाय बुडवून, सासूबाईंचे जाळीचे कपाट उभे होते. वर निळे आकाश. भोवताली विटा, कौले, वासे आणि चौकट यांचे नीटस ढीग, आणि सगळ्यांवर पांढऱ्या खडूचे आकडे.

"काकू," जनू अभिमानाने म्हणाला, "खिळासुद्धा हलला नाही!"

काकूंनी भिंतीला टेकायला हात मागे नेला. भिंत नव्हती. त्या खालीच बसल्या.

गोदावन्संनी कपाटाच्या दारावरून हात फिरवला. "हे आईचंच," त्या म्हणाल्या. मग वळून त्यांनी विचारले, "वेणू, सगळं होतं तसंच आहे, असं म्हणत होतीस ना गं तू?"

"काल सकाळपर्यंत होतं हो, वन्सं," काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या.

गोदावन्संनी पदर खोचला.

"बदललेल्या स्वयंपाकघरातलं पाणी पिणार नाही, असं मी म्हटलं होतं. नसलेल्या स्वयंपाकघराबद्दल मी काही बोलले नव्हते. ऊठ, पाणी आण. आणि गोवऱ्या पेटव. रथसप्तमीचं दूध उघड्यावरच उतू घालायचं असतं. आज अंगण आणि स्वयंपाकघर वेगळं शोधायला नको."

त्या घटाघट पाणी प्यायल्या. काकूंनी डोळे पुसले.

"आणि हे पुन्हा उभं राहिल्याशिवाय मी इंदूरला जात नाही," वन्सं म्हणाल्या. "आकडे घातलेत ना? मग गवंड्याचं आठ दिवसांचं काम." त्यांनी एक वीट उचलली. "ही सात." दुसरी उचलली. "हीसुद्धा सात?" मग त्यांनी कौलांच्या ढिगातले एक कौल उचलले. "जनू, हे कौलही सातच?"

"मला वीसपर्यंतच येतात, आत्या," जनू म्हणाला. "वीस झाले की पुन्हा एकापासून धरलं. पण गाळला मात्र एकही नाही."

अशा रीतीने शके अठराशे शहाण्णव, माघ शुद्ध सप्तमी, या दिवशी वेणूकाकूंच्या कपाटाचा शोध कायमचा संपला. आता फक्त स्वयंपाकघर शोधायचे राहिले होते.