धुक्यातलं वासरू

“मग माणसं जोडायची तरी कशी, ताई?”

शार्दूलचा आवाज चढला होता.

एकट्यानं खपून त्यानं मोबाइलवरचा एक गेम तयार केला होता. रोज त्याविषयी पोस्ट टाकायचा. भेटेल त्याला गेमचे गुण ऐकवायचा. हजारो फॉलोअर जमले होते. खेळणारं मात्र कुणी नव्हतं. उद्या पुण्यात गेम बनवणाऱ्यांचा मेळावा. तिथं पुन्हा ओढूनताणून हसत हात मिळवत फिरायचं, हे त्याला नकोसं झालं होतं. म्हणून तो आज वाईला, कुमुदताईंकडे आला होता. त्यांनी केलेले गेम खेळतच तो लहानाचा मोठा झाला होता.

“सांगण्यात मी कुठंच कमी पडलो नाही,” तो म्हणाला. “लोकांनाच कळत नाही.”

ताईंनी हात पुढे केला. “आण.”

त्यानं फोन दिला. “आधी सांगतो, यात एक वासरू...”

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

वासरू धुक्यात चुकलेलं. त्याला गोठ्यापर्यंत न्यायचं, एवढाच खेळ. ताई पहिल्याच ओढ्याशी अडल्या.

“तिथं ना, डावीकडून...”

पुन्हा ओठांवर बोट.

शार्दूल गप्प बसला. जीभ नुसती वळवळत होती. ताई चुकल्या. परत चुकल्या. त्याला घाम फुटला. पाय ठेवायचा दगड त्यानं इतका अंधूक रंगवला होता, की तो कुणालाच दिसला नसता... आणि हे त्याला आत्ता कळत होतं.

अखेर ताईंना दगड सापडला. वासरू पलीकडे गेलं, त्यानं अंग झाडलं, गळ्यातली घंटा किणकिणली.

ताई खुदकन हसल्या.

ती घंटा शार्दूलनं असंख्य वेळा ऐकली होती. ती ऐकून कुणी हसताना आजवर पाहिलं नव्हतं.

त्यानं मोकळा श्वास घेतला. मग स्वतःशीच हसला.

“ताई, उद्या तिथंही असाच फोन कुणाच्या तरी हातात देऊ? आणि गप्प बसू?”

ताईंचे डोळे फोनवरच होते. वासरू आता बांधावर चढत होतं.

“ताई...”

“अरे, थांब की जरा!” मान वर न करता ताई म्हणाल्या. “वासराला एकटं टाकून तुझ्याशी कशी बोलू?”