एकही पाठ कोरडी राहू नये

नांदवळी गावाच्या वेशीबाहेर, चिंचेच्या बनात, घोंगडीवाल्या महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, चार कुडाच्या भिंती आणि पुढे सारवलेलं अंगण. उन्हाळा असो की हिवाळा, महाराजांच्या खांद्यावरची काळी घोंगडी काही उतरायची नाही, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिलेलं. खरं नाव कुणी विचारलंच तर महाराज म्हणत, "तुला हाक मारायची आहे ना? मग मार की. मी येतो." आणि खरोखर येत असत! कुणाच्या गोठ्यात गाय अडली, कुणाच्या घरात तान्हं तापानं फणफणलं, की महाराज दारात उभे. अशा त्या दयाघनानं एकदा आमच्या गावच्या शाळेत काय केलं, ते आज तुम्हांला सांगतो. मन लावून ऐका.

शाळा भरायची भैरोबाच्या देवळात, सभामंडपात. तिथे सावळाराम गुरुजी नव्यानंच रुजू झाले होते. देह काटकुळा, आवाज इतका मऊ की मागच्या रांगेला तो पोचायचाच नाही. आणि पोरं? अहो, पोरं कसली, भैरोबाची भुतावळच ती! एक खांबावर चढलेलं, एक दुसऱ्याची पाटी चाटून पुसतंय, दोघं मारामारीत गुंतलेली. माळ्यांचा येसबा तर सगळ्यांचा सेनापती. त्यानं एकदा गुरुजींच्या टोपीत घाणेरीची फळं भरून ठेवली, आणि गुरुजींनी ती तशीच डोक्यावर घातली. गाव महिनाभर हसत होतं.

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते बापूसाहेब इंगवले. मोठी असामी. डोक्याला फेटा, मिशीला पीळ, बोलणं असं की समोरच्याचा घसा कोरडा पडावा. त्यांनी निरगुडीची एक लवलवीत छडी तासून आणली आणि गुरुजींच्या हातात दिली. म्हणाले, "मास्तर, ही घ्या. आमच्या पंतोजींनी आमची कातडी सोलली म्हणून आम्ही माणसांत आलो. तुमच्यानं होत नसेल तर तसं सांगा."

गुरुजींनी छडी घेतली, पण उगारायला हात उठेना. शेवटी हिरमुसल्या तोंडानं ते मठात गेले. महाराज अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. बापूसाहेबही तिथे चार माणसांसह बसले होते. गुरुजींनी पायांवर डोकं ठेवलं. म्हणाले, "महाराज, पोरं ऐकत नाहीत. मी काय करू?"

महाराजांनी एक शेंग फोडली, दाणे गुरुजींच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, पोरांच्या पाठीवर रोज तुझा हात पडला पाहिजे. एकही पाठ कोरडी राहू नये."

झालं! बापूसाहेब मांडी थोपटून हसले. "ऐकलंत ना मास्तर? आता तर खुद्द महाराजांचा हुकूम झाला. उद्यापासून पाठी सोलायला लागा!"

बसलेली मंडळीही हसली. गुरुजी मनात म्हणाले, महाराज, आणि मारायला सांगतात? पण उठताना ते पुन्हा नमस्काराला वाकले, तेव्हा महाराजांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. नुसता हात. त्या स्पर्शानं गुरुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रस्त्यानं जाताना ते स्वतःशीच म्हणाले, "अरे सावळारामा, हात पडणं म्हणजे हेसुद्धा असतंच की!"

बघा मंडळी, वाक्य एकच होतं. दोघांनी दोन्ही कानांनी ऐकलं, आणि दोघे दोन वाटांना लागले.

दुसऱ्या दिवशी छडी देवळाच्या आढ्यात खोचली गेली. गुरुजी शिकवता शिकवता रांगांमधून हिंडू लागले. कुणी नीट बसलेलं दिसलं, की जवळ जायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि त्यानं केलेलं नेमकं बोलून दाखवायचं. नुसतं 'शहाणा बाळ' म्हणून भागवायचं नाही! "सोपाना, तू आज धक्काबुक्की केली नाहीस, म्हणून धाकटी मुलं पडली नाहीत." "गोदे, तुझी लेखण मोडून तू अर्धी शेजारणीला दिलीस, मी पाहिलं हं." पोरं आधी खांदे चोरायची. मग हळूहळू ताठ बसू लागली. पुढे पुढे तर गुरुजी जवळ आले, की पाठ आपोआप त्यांच्याकडे व्हायची.

पण येसबाचं काय करायचं? सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या नावावर एकही चांगली गोष्ट जमा होईना. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे मेला. पण महाराजांचा शब्द होता ना, एकही पाठ कोरडी राहू नये! गुरुजी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवत बसले. शाळा सुटताना येसबा पायरीशी थबकला. पायरीवर मुंग्यांची रांग चालली होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि ती रांग ओलांडून पाय पलीकडे टाकला. गुरुजी धावतच गेले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "येसबा, मुंग्या वाचवल्यास रे!" पोरगं असं चपापलं, की जणू चोरी उघडकीला आली. मग लाजून हसलं आणि धूम पळालं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या रांगेत येऊन बसलं.

गावात याची टिंगल व्हायला कितीसा वेळ! बापूसाहेबांनी गुरुजींचं नाव ठेवलं 'थोपट्या मास्तर'. चावडीवर बसून म्हणायचे, "काय हो थोपटे, आज थोपटून किती म्हशी दूध द्यायला लागल्या?" वर आणखी ठपका, "गुरूनं मारायला सांगितलं आणि हा थोपटत बसलाय. गुरूची आज्ञा मोडणारा माणूस पोरांना काय वळण लावणार?" हा घाव मात्र गुरुजींच्या जिव्हारी लागे. टिंगलीचं त्यांना काही वाटत नसे. पण आपण महाराजांचं बोलणं उलटं तर ऐकलं नाही ना, ही शंका त्यांना पोखरू लागली.

तशात बातमी आली, की दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अंमलदार. त्यांच्या एका शब्दावर मास्तरांची बदली व्हायची. बापूसाहेबांनी जाहीरच केलं, "साहेबांना शाळेचा बाजार दाखवतो आणि थोपट्याला घाटापलीकडे धाडतो. आमचा पुतण्या तयार आहे मास्तरकीला. त्याच्या छडीखाली पोरं कशी सरळ होतात ते बघाच!"

हे ऐकून पोरं रडवेली झाली. बापूसाहेबांची नात मैना शाळेतच होती. तिनं गुरुजींचा सदरा धरला आणि विचारलं, "गुरुजी, तुम्ही खरंच जाणार?" गुरुजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ते मठात गेले. "महाराज, मी तुमचं बोलणं चुकीचं ऐकलं का, एवढंच सांगा. चुकलो असेन तर आनंदानं घाटापलीकडे जाईन."

महाराजांनी घोंगडी सारखी केली आणि हसून म्हणाले, "उद्या मी शाळेत येतो. पाठी पुष्कळ झाल्यात रे, तुझ्या दोन हातांना पुरायच्या नाहीत."

दुसरा दिवस उजाडला. देवळाला तोरणं लागली. साहेब टांग्यातून उतरले. आता बापूसाहेबांना आपला थाट दाखवायचा होता. जत्रेला उडवतात तसे उखळी बार उडवायची त्यांनी तयारी केली, आणि तीही कुठे? देवळाला लागून असलेल्या वडाखाली! त्या वडाला आग्या मोहोळाची भली मोठी पोळी लोंबत होती. गुरुजी अजिजीनं म्हणाले, "बापूसाहेब, बार लांब उडवू या, मोहोळ उठेल."

"तुमचं थोपटणं तुम्ही बघा!" बापूसाहेब खेकसले आणि त्यांनी हात वर केला.

धडाड्‌धूम! वड हादरला, धूर फांद्यांत शिरला, आणि पुढच्याच क्षणी मोहोळ उठलं. आकाश काळं झालं. बायाबापड्या किंचाळत सुटल्या. बापूसाहेबांनी फेटा काढून गरागरा फिरवला, तशा माशा आणखीनच त्यांच्या तोंडावर तुटून पडल्या. साहेब त्यांच्यासाठी मंडपात मांडलेल्या टेबलाखाली शिरले. आणि चहूकडून उघड्या त्या सभामंडपात पोरं! धावली असती, तर चेंगराचेंगरीत धाकटी पोरं तुडवली गेली असती आणि माशांनी बाकीच्यांचा फडशा पाडला असता.

गुरुजींनी उपरणं सोडून पुढच्या चिमुरड्यांवर पांघरलं आणि त्यांच्यावर ओणवे झाले. "बाळांनो, खाली बसा. डोकं गुडघ्यात. हलू नका." आवाज तोच, मऊ. पण सबंध शाळा खाली बसली! एकही पोर उठलं नाही. नाही म्हणायला मैना तेवढी घाबरून उठली आणि पायऱ्यांकडे धावू लागली. येसबानं तिचा हात ओढून तिला खाली बसवलं, आपला सदरा काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि स्वतः उघड्या अंगानं शेजारी बसून राहिला.

माशा आल्या. पोरांच्या केसांवर बसल्या, मानेवर चालल्या, कानांशी गुणगुणल्या. पोरं दगडासारखी बसून होती. आणि हळूहळू, एखादी झड ओसरावी तसं ते मोहोळ पांगलं.

साहेब टेबलाखालून बाहेर आले. पाहतात तो एकाही पोराला डंख नाही! येसबाच्या उघड्या पाठीवरसुद्धा नाही! साहेबांचा स्वतःचा कान मात्र पापडासारखा फुगला होता. त्यांनी विचारलं, "मुलांनो, तुम्ही एवढी शांत बसलात तरी कशी?"

"गुरुजींनी पाठीवर हात ठेवला होता ना!" सोपाना म्हणाला.

"माझ्या पण!" गोदा म्हणाली. "माझ्या पण! माझ्या पण!" सगळा मंडप घुमला.

साहेब चक्रावले. "अरे, मी टेबलाखालून पाहत होतो. मास्तर तर पुढच्या मुलांवर ओणवे होते. ते जागचे हललेसुद्धा नाहीत."

तेव्हा मैना सदऱ्यातून डोकं बाहेर काढत म्हणाली, "गुरुजींचा हात नव्हताच तो. गुरुजींचा हात मऊ असतो. हा खरखरीत होता, आणि त्याला घोंगडीचा वास येत होता."

हे शब्द कानांवर पडले मात्र, सावळाराम गुरुजींनी हंबरडाच फोडला, "महाराज! आलात हो तुम्ही!" आणि ते मठाकडे धावत सुटले. मागून साहेब, मागून सारा गाव.

महाराज अंगणात बसले होते. त्यांच्या उजव्या हाताचा तळवा टम्म सुजून लाल झाला होता आणि त्यात मधमाशांचे काटेच काटे रुतले होते. शिष्य रडत रडत चिमटीनं एकेक काटा काढत होता. तो म्हणाला, "महाराज सकाळपासून इथून उठलेले नाहीत हो. नुसतेच जमिनीवर थोपटत होते आणि म्हणत होते, 'हलू नको बाळ, मी आहे.' मी म्हटलं, कुणाला निजवताय?"

बापूसाहेबांचं तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. डोक्यावर फेटा नव्हता. त्यांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "महाराज, नातवंडाचा जीव माझ्या तोऱ्यापायी गेला असता. मी तुमचा शब्द उलटा ऐकला!"

महाराज म्हणाले, "उलटा नाही रे बापू. तुझ्या पाठीवर लहानपणी जे पडलं, तेच तुला ऐकू आलं. तुझा त्यात काय दोष? पण पायच धरायचे तर माझे नको. माझा हात एका दिवसापुरता दुखला. तो बघ तिकडे उभा आहे, तो रोज हे काम करतो."

दिपोटी साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, "हे मास्तर या शाळेतून हलायचे नाहीत. मी असेतो तर नाहीच नाही!" पोरांनी एकच गिल्ला केला. येसबानं कोलांटउडी मारली, आणि गुरुजींनी तीही डोळे भरून पाहून घेतली.

बापूसाहेब उठले. वाटेत मैना उभी होती. तिला जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी हात वर केला मात्र, मैनेनं डोळे गच्च मिटले आणि मान खाली घातली. पोरीला वाटलं, आता बसणार फटका.

तो हात तसाच हवेत राहिला. माशांच्या डंखांनी जे झालं नव्हतं, ते त्या मिटल्या डोळ्यांनी झालं. बापूसाहेब ढसाढसा रडले. तसेच दोन पावलं पुढे गेले आणि सगळ्या गावादेखत सावळाराम गुरुजींच्या पायांवर त्यांनी कपाळ टेकलं. "गुरुजी," ते म्हणाले, "मलाही शाळेत घ्या."

गुरुजी ओशाळून त्यांना उठवू लागले. पण त्याआधीच बापूसाहेबांच्या वाकलेल्या पाठीवर एक हात पडला. इवलासा. मैना आजोबांच्या पाठीवर हात ठेवून गुरुजींच्याच सुरात म्हणत होती, "आजोबा, तुम्ही नमस्कार केलात, मी पाहिलं हं!"

महाराज खळखळून हसले. बापूसाहेब मात्र किती तरी वेळ उठलेच नाहीत.